गाशे बेलाचेवच्या मनगटावरचं शहाणं घड्याळ

गाशे बेलाचेव आणि ते घड्याळ यांची पहिली भेट झाली त्या दिवशी देब्रे बिरहानमध्ये गारा पडल्या, शेजारच्या गाढवीने दावं तोडलं आणि त्यांच्या बायकोच्या, येशीच्या, चुलीवरचं शिरोचं पिठलं करपलं. आता देब्रे बिरहानमध्ये गारांचं कुणाला कौतुक नाही, ती गाढवी आठवड्याला एक दावं तोडते, आणि येशी बोलायला लागली की पिठलं करपतंच. पण तिन्ही गोष्टी एकाच तासात घडल्या, याला गाशे आजही पुरावा मानतात. कशाचा पुरावा, ते मात्र ते सांगत नाहीत.

मुलगा हेनोक आदिस अबाबाहून खोका घेऊन आला होता. खोक्यातून निघालं ते दिसायला अगदी सभ्य घड्याळ होतं. पांढरी तबकडी, दोन काटे, चामड्याचा पट्टा, आणि पोटाशी एक चिमुकली तबकडी, तिला तिचा वेगळा काटा. गाशेंनी ते तळहातावर तोललं, कानाशी नेलं आणि मान हलवली. मान हलवली म्हणजे माल पसंत. तेवढ्यात हेनोकने आपल्या फोनवर बोट फिरवलं, आणि घड्याळाचे दोन्ही काटे, कुणी हात लावलेला नसताना, एकमेकांकडे पाठ करून गरागरा फिरू लागले. गाशेंनी घड्याळ फेकलं. ते येशीच्या मांडीत पडलं. येशीने ते तितक्याच तत्परतेने परत फेकलं. अर्ध्या तासात पाद्री अबा तेक्ले तीर्थाची बाटली घेऊन दारात हजर होते. त्यांनी घड्याळावर बाटली रिकामी केली, तरी काटे आपले चालतच राहिले.

"अबा, ते पन्नास मीटर पाण्यात बुडवलं तरी त्याला काही होत नाही," हेनोक म्हणाला.

"हे पाणी मीटरवर मोजत नाहीत," अबा तेक्ले म्हणाले, आणि रिकामी बाटली घेऊन रागारागाने निघून गेले.

गाशे बेलाचेव म्हणजे साधा माणूस नव्हे. सगळी उमर त्यांनी बस अड्ड्यावर गाड्या सोडण्यात घालवली. पहाटेची आदिसची गाडी त्यांच्या शिट्टीशिवाय हलत नसे. गाडीत नवरदेव बसलेला असो की पोलीस अधिकारी, वेळ झाली की शिट्टी, आणि वेळ झाली नसेल तर मग कुणाचा बाप मरणाच्या दारात का असेना. निवृत्त झाल्यावरही गावातली माणसं त्यांना वाटेत अडवून "गाशे, किती झाले?" असं विचारायची. त्यातल्या निम्म्यांच्या मनगटावर स्वतःचं घड्याळ असायचं. पण स्वतःचं घड्याळ बघणं आणि गाशेंना विचारणं यात फरक होता, आणि तो फरक हीच गाशेंची पेन्शन होती. सरकारी पेन्शन वेगळी; तिच्याबद्दल ते बोलत नसत.

मग गेल्या साली ते देवळाच्या दारात भोवळ येऊन पडले. काही मोडलं नाही. पण हेनोकने लगेच पालुपद धरलं, की अबाबा, म्हणजे बाबा, आता पुरे झालं, घर विका आणि माझ्याकडे आदिसला या. हेनोक बँकेत कामाला. त्याचं बिऱ्हाड एका मोठ्या इमारतीत. गाशे तिथे एकदा राहून आले होते. सकाळी दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. त्या दारातल्या माणसाने त्यांना वेळ तर सोडाच, नावही विचारलं नव्हतं. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की आपण मरू तर देब्रे बिरहानच्या थंडीत, आपल्याच गाबीच्या जाड चादरीत गुंडाळून, आणि ओळखीच्या माणसांना त्रास देऊन.

बापलेकांची महिनाभर भांडणं झाली आणि शेवटी तह ठरला. गाशेंनी हे घड्याळ चोवीस तास मनगटावर बांधायचं. ते नाडी बघेल, पावलं मोजेल, झोप तपासेल, आणि सगळं फोनमार्फत आदिसला हेनोकला कळवेल. घड्याळाचा अहवाल चांगला असेल तोवर गाशे आपल्या घरात राहतील. अहवाल बिघडला की गाडी दारात. येशीला हा तह सांगितला, तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली आणि कॉफी भाजायला बसली.

आता खरं बोलायचं तर त्या घड्याळात गुण होते, आणि गाशे हे मोठ्या मनाने मान्य करत. म्हणजे येशी ऐकत नसेल तेव्हा. ते चमकत नव्हतं. कांबळ्यांचे व्यापारी आतो देजेने यांच्या जावयाने मनगटावर एक काचेची पेटी बांधली होती. ती देवळात भर प्रार्थनेत उजळायची, आणि म्हाताऱ्या बायका दिवा समजून तिच्याकडे बघत क्रूसाची खूण करायच्या. शिवाय त्या पेटीला रोज रात्री वीज पाजावी लागे, आणि देब्रे बिरहानमधली वीज ही पाहुण्यासारखी, येते तेव्हा येते. गाशेंच्या घड्याळाला महिनोन् महिने काही लागत नसे. लांबून बघणाऱ्याला ते खानदानी घड्याळच वाटे. काटे अंधारात मंद दिसत. फोन आला तर ते बोंबलत नसे, मनगटाला हळूच गुदगुल्या करी.

पण गुदगुल्या फक्त फोनच्या नसत, इथूनच कटकट सुरू झाली. कुणी बराच वेळ हललं नाही, की ते थरथरून "उठा" म्हणे. रविवारी गाशे देवळात प्रार्थनेच्या काठीवर रेलून तीन तास उभे होते, पाय लाकडासारखे झाले होते, आणि त्या क्षणी घड्याळाने त्यांना उठायला सांगितलं. पुतण्याच्या लग्नात ते मध्यरात्रीपर्यंत खांद्यांचा नाच नाचले. असा नाच, की पोरं मागे सरली आणि बायकांनी तोंडाने लुलूलू केलं. पण हात कमरेवर आणि पाय जागच्या जागी, नाचले ते फक्त खांदे. घड्याळाने हेनोकला कळवलं, की हे गृहस्थ बसून आहेत आणि त्यांची छाती मात्र विनाकारण धडधडते आहे. हेनोकचा फोन आला तेव्हा गाशे धापा टाकत होते, त्यामुळे खुलासा नीट झाला नाही. उलट मधाच्या दारूच्या गुत्त्यावर बसून त्यांनी फुटबॉलवर हातवारे करून वाद घातला, की घड्याळ खूश. त्या दिवशी पावलांचा चिमुकला काटा शंभरावर जाऊन थडकला आणि घड्याळाने शाबासकीची थरथर दिली. गाशेंचं हे सगळ्यात जुनं दुखणं होतं. एवढी हुशारी त्याच्या पोटात, आणि चालणं आणि बडबडणं यातला फरक कळत नाही.

तरीही हे सगळं त्यांनी सोसलं असतं. सोसवलं नाही ते काट्यांचं.

सूर्य उगवतो तेव्हा बारा वाजतात. त्यानंतर तासाभराने एक, मग दोन. सूर्य मावळला की पुन्हा बारा, आणि रात्रीचे तास पुन्हा एकपासून. हे शेंबड्या पोरालाही कळतं. जगातले बाकीचे लोक म्हणे दिवस मध्यरात्री सुरू करतात, जेव्हा सगळे झोपलेले असतात आणि सुरू झालेला दिवस बघायला चोराशिवाय कुणी जागं नसतं. त्यांना करू दे. पण हे घड्याळ फोनचं ऐकत होतं, आणि फोन त्या बाकीच्या लोकांचं. सकाळी तीन वाजता, ऊन ओट्यावर आलेलं असताना, गाशेंच्या मनगटावर नऊ. गाशे बाजूची कळ दाबून, पिरगळून काटे जागेवर आणत. काटे निमूट येत. मग गाशेंची पाठ वळली, फोन खिशात कुठे जागा झाला, की गरागरा फिरून पुन्हा फिरंगी वेळेवर. ज्या माणसाने सगळ्या गावाला वेळ सांगितली, त्याला आता कुणी "किती झाले?" विचारलं, की आधी सूर्याकडे बघावं लागे. लोकांनी ते पाहिलं, आणि हळूहळू विचारणं कमी झालं.

कडेलोट झाला तो फिलसेटाच्या उपासात. भर पावसाळ्यातला हा उपास रोज नऊला सुटतो, म्हणजे दुपार पुरती कलल्यावर. गाशे रात्रभर देवळात जागरणाला उभे होते. उजाडता उजाडता घरी येऊन गाबीत शिरले ते एकदम जाग आली तेव्हा बाहेर धुकं, आकाशाचा रंग राखेसारखा, घरात कुणी नाही, आणि मनगटावर नऊ. झोप तर दिवसभराची झाल्यासारखी वाटत होती. गाशेंनी क्रूसाची खूण केली, पाटीतला इंजेरा काढला, त्यावर पिठलं ओतलं आणि मनापासून जेवले. दुसरा इंजेरा संपत आला होता तेव्हा येशी पिठाचं गाठोडं घेऊन दारात आली.

"हे काय चाललंय?"

"नऊ वाजले."

"गिरणी आत्ता उघडली," येशी म्हणाली. "तीन वाजलेत. देवाला तरी झोपू द्यायचं होतं."

अबा तेक्ले यांनी प्रायश्चित्त दिलं. तीर्थाची बाटली ते विसरले नव्हते, त्यामुळे जरा सढळ हातानेच दिलं. गाशे तीन दिवस उठत होते, जमिनीला कपाळ टेकत होते, पुन्हा उठत होते. चौथ्या दिवशी हेनोकचा फोन आला. त्याने फार जपून विचारलं, "अबाबा, या वयात पोहायला कुठे जाता?"

गाशे ते घड्याळ घेऊन तडक ब्रुकतावितच्या दुकानात गेले. ही अड्ड्यासमोर मोबाईल विकणारी आणि दुरुस्त करणारी बाई, जिभेला हाड नसलेली, पण हात सोन्याचे. तिने सगळी कर्मकहाणी ऐकली, हसून झाल्यावर डोळे पुसले आणि म्हणाली की घड्याळाला आपली हबेशा वेळ शिकवता येत नाही, पण त्याला फसवता येईल. फोनला सांगायचं, की आपण दुसऱ्याच गावी आहोत; असं गाव, जिथल्या घड्याळात आत्ता आपल्याइतकेच वाजलेत. तिने फोनवर जगभरची गावं सरकवली आणि एका ठिकाणी बोट थांबवलं.

"ब्यूनोस आयरेस," ती म्हणाली. "इथे राहा."

काटे एकदा गरागरा फिरले, बरोबर वेळेवर येऊन थांबले आणि पुन्हा हलले नाहीत. गाशेंनी दोन दिवस त्यांच्यावर पाळत ठेवली. मग त्यांचा चेहरा खुलला. ब्यूनोस आयरेसच्या लोकांबद्दल त्यांना एकाएकी आपुलकी वाटू लागली. जगात कुठेतरी शहाणी माणसं शिल्लक आहेत, ती सूर्य उगवल्यावर बारा वाजवतात, असं ते गुत्त्यावर सांगू लागले. ते लोक तसं काही करत नाहीत, ते फक्त लांब राहतात, हे ब्रुकतावितने दोनदा समजावलं. गाशेंनी ते मनावर घेतलं नाही. लोक पुन्हा वाटेत अडवू लागले. गाशे गाबीतून मनगट काढून, भुवया उंचावून वेळ सांगत. महिनाभर घरात शांतता होती.

आदिसमध्ये मात्र हेनोकची झोप उडाली होती. घड्याळ आता त्याला कळवत होतं, की अबाबा भर दुपारी तीन वाजता, चकचकीत सूर्याच्या चित्राखाली, झोपायला जातात. रात्री अकराला उठतात. मध्यरात्र व्हायला आली, की घराबाहेर पडतात आणि झपाझप चालत सुटतात. रोज. त्याने धीर करून आईला फोन लावला आणि अबाबांना सुगावा लागू न देता विचारलं, की अबाबा अंधारात बाहेर पडतात का?

"पडतात की," येशी म्हणाली. "रोज पडतात. कोण अडवणार त्यांना?"

"आणि तू काही बोलत नाहीस?"

"बोलते. ऐकतं कोण?"

पहाटे उजाडण्याआधी फिरायला जाणं ही गाशेंची बस अड्ड्यापासूनची सवय होती, आणि येशीला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. हेनोकने मात्र डोळे मिटले. अबाबांचं डोकं फिरलं, हे त्याला आता कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही. शनिवारी तो भाड्याची गाडी घेऊन दारात उभा राहिला. गाडीत दोऱ्या होत्या, रिकामी पोती होती, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, की म्हातारा चिडला तर घाबरू नको.

म्हातारा चिडला. पण गाशे शिव्या देत बसले नाहीत. भांडण घरात मिटेना की वडीलधाऱ्यांपुढे ठेवायचं, ही रीत. त्यांनी अबा तेक्ले आणि आतो देजेने यांना बोलावणं धाडलं आणि रीतसर फिर्याद मांडली. फिर्याद मुलावर नव्हती, घड्याळावर होती.

येशीने जमिनीवर गवत पसरलं, धूप लावला आणि कॉफी मांडली. घड्याळ मधोमध एका बशीत ठेवलं होतं. हेनोकने त्याची बाजू मांडली, आणि चांगली मांडली. वीज नको, चावी नको. दिसायला चारचौघांसारखं. आणि अबाबा उद्या पुन्हा कुठे कोसळले तर नाडीची खबर आदिसला पोचेल, एवढ्यासाठी बाकी काहीही सोसावं. आतो देजेने यांनी घड्याळ उचललं, पट्टा वाकवून पाहिला, शिवण पाहिली, आणि चामडं खरं आहे असा निर्वाळा दिला. अबा तेक्ले यांनी ते हातात घ्यायचं नाकारलं.

मग गाशे बोलले. नाच, जागरण, गुत्ता, पोहणं, सगळं आलं. दोन्ही वडीलधारे खाली बघत मिशीत हसत होते. शेवटी गाशेंचा आवाज उतरला.

"आजवर मी घड्याळाकडे बघत आलो, वडीलहो. हे माझ्याकडे बघतं. बरं, बघतंय तर नीट बघावं. मी कसा आहे ते कुणाला हवं असेल तर माझ्या दारात यावं आणि मला विचारावं."

हेनोकला ते लागलं. त्याने फोन काढून सगळ्यांपुढे धरला. हे बघा, रोज मध्यरात्री. हे काय आहे मग?

गाशेंनी डोळे बारीक करून पाहिलं. "हे होय," ते म्हणाले. "ते ब्यूनोस आयरेस."

आतो देजेने यांनी अबा तेक्ले यांच्याकडे पाहिलं. आता मुलाचंच खरं, असं दोघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. मग गाशेंनी ब्रुकतावितची युक्ती सांगितली. हेनोक आधी ऐकत नव्हता. मग ऐकू लागला. मग त्याने बोटांवर सहा तास मोजले, पुन्हा मोजले, आणि कानापर्यंत लाल झाला. बारा वर्षं बँकेत काढली होती त्याने. कुठल्या देशाचा बाजार कधी उघडतो ते तोंडपाठ, आणि बापाची पहाट ओळखता आली नाही.

कॉफीची दुसरी वाटी संपता संपता वडीलधाऱ्यांनी निवाडा दिला. गाशे शुद्धीवर आहेत. घर गाशेंचं आहे, त्यांनी तिथेच राहावं. घड्याळ नाडीपुरतं खरं मानावं, बाकी सगळं ऐकून सोडून द्यावं, जसं आपण सरकारचं ऐकतो. हेनोकने वडिलांच्या गुडघ्याला हात लावला. गाशेंनी घड्याळ बशीतून उचलून मनगटावर बांधलं, आणि त्यांचा चेहरा शिट्टी मारून गाडी सोडल्यासारखा झाला.

मग तिसरी वाटी आली, आशीर्वादाची. येशीने ती सगळ्यांना दिली, किटली निखाऱ्यांवरून उतरवली आणि पदराला हात पुसले.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "मग मी सांगते. मी हेनोकबरोबर जाते."

कुणाला काही कळलं नाही. गाशेंनी विचारलं, की किती दिवस?

"दिवस कसले. राहायला. वर्षभर तुम्ही सगळे यांची पावलं मोजताय. उतारावरून पाण्याचे डबे कोण आणतं? गिरणीत कोण जातं? गुडघे माझे गेलेत, पण माझ्या मनगटाला कुणी काही बांधलं नाही. हेनोकच्या घरात नळ आहे. मला नळ हवा." मग ती नवऱ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही राहा. घर तुमचं आहे, यांनी सांगितलंच आहे. गाडीत जागा आहे, तर माझं गाठोडं आजच टाकते."

गाशेंनी अबा तेक्ले यांच्याकडे पाहिलं. अबा तेक्ले वाटीच्या तळाशी काहीतरी शोधत होते. आतो देजेने म्हणाले, की फिर्याद घड्याळाची होती, ती निकालात निघाली, आता ही नवीन फिर्याद. आणि घाईघाईने उठून चपला शोधू लागले. गाशे म्हणाले की आपण विहिरीवर माणूस ठेवू. येशी म्हणाली, ठेवा. ते म्हणाले की कॉफी कोण करणार? येशी म्हणाली, ब्यूनोस आयरेसहून मागवा.

ती त्या दिवशीच गेली. गाशेंनी घरात एकट्याने तीन आठवडे काढले. घड्याळाने कळवलं, की पावलं खूप वाढली आहेत. ते रोज जेवायला कुणाकुणाच्या घरी चालत जात होते. मेस्केलचा सण झाल्यावर त्यांनी घराला कुलूप लावलं आणि पहाटेच्या गाडीने आदिसला गेले.

दोघं आता हेनोककडे राहतात. बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर आहे, आणि नळाचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या वर चढत नाही.